टपावरच्या भोकाचा इतिहास

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची दुपार, एक्सप्रेसवे, मुंबईहून पुण्याला परत येत होतो. घाट संपला होता, लोणावळा मागे पडलं होतं, तळेगाव जवळ आलं होतं. बाबा माझ्या शेजारी पेंगत होते, बायको मागच्या सीटवर मोबाईलमध्ये. आणि अचानक डोक्यावर फट्ट! असा आवाज झाला. फटाका नाही, टायर नाही. काहीतरी मधलंच. त्यापाठोपाठ वाऱ्याचा घोंगाट आणि टपावर खडखड खडखड.

गाडी हळूहळू कडेला घेतली, उतरून वर बघितलं तर सनरूफची काच गायब. मधोमध मोठं भगदाड, कडेला काळ्या पट्टीला चिकटून राहिलेले थोडे तुकडे आणि बाकी सगळीकडे खडीसाखर. पुढे ट्रक नव्हता, वर पूल नव्हता, दगड मारणारं कोणी दिसलं नाही.

एकच गोष्ट चांगली झाली. आतली सरकती शेड बंद होती. ती का बंद होती, तर बाबांच्या टकलावर ऊन येतं म्हणून खालापूरलाच त्यांनी ती बंद करायला लावली होती. "एवढे पैसे देऊन भोक पाडून घेतलंय आणि आता वर झाकण लावून बसायचं", असा शेराही मारला होता. त्या झाकणानेच काच आत येऊ दिली नाही. चार-दोन तुकडे फटीतून पडले तेवढेच.

दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपला नेली. सर्व्हिस ॲडव्हायजरने दहा मिनिटांत एस्टिमेट हातात ठेवलं:

सनरूफ असेंब्ली: ६१,२०० रुपये
रूफ लायनिंग काढणे-बसवणे, मजुरी: ७,५००
सीलंट, क्लिपा वगैरे: १,६५०
वर १८ टक्के जीएसटी. एकूण ८३,०१३.

मी म्हटलं, "अहो, फुटलीये फक्त काच."
तो म्हणाला, "सर, पूर्ण असेंब्लीच येते. आणि तुम्हाला काय, इन्शुरन्सच देणार आहे ना?"

आता मी पडलो इंजिनीअर. एका ओळीच्या बगसाठी कोणी अख्खं मॉड्यूल बदलायला लागलं की माझ्या कपाळावर आठी येते. सही केली नाही, "उद्या सांगतो" म्हणून घरी आलो आणि रात्री वाचत बसलो. शोधत होतो काचेची किंमत, सापडला शंभर वर्षांचा इतिहास. आणि गंमत म्हणजे त्या एस्टिमेटमधली प्रत्येक ओळ त्या इतिहासातून आलेली निघाली. म्हणून हा लेख. तर मंडळी, चहा घेऊन बसा :)

*

पहिला प्रश्न बाबांचाच: टपाला भोक पाडायची अक्कल मुळात सुचली कोणाला?

सुरुवातीच्या मोटारींना टप नव्हताच. घोडागाडीसारखी उघडी गाडी, फार तर वर कापडी छत्र. पुढे १९२० च्या दशकात पत्र्याच्या बंद गाड्या स्वस्त झाल्या आणि लोक त्यात बसायला लागले. पाऊस, धूळ, थंडी यातून सुटका झाली, पण ऊनही गेलं. आपल्याला यात वाईट काय ते कळणार नाही. पण इंग्लंड-जर्मनीत ऊन ही चैनीची गोष्ट. त्यात तो काळ सूर्यप्रकाशाला औषध मानण्याचा. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ मध्ये नोबेल मिळालं होतं, आणि स्वित्झर्लंडमध्ये क्षयाच्या रोग्यांना उन्हात झोपवणाऱ्या सॅनेटोरियमची चलती होती. इंग्रजांनी आपल्या सरकत्या टपाला नावच 'सनशाइन रूफ' दिलं. म्हणजे ज्यांच्याकडे ऊन नाही त्यांनी शोधलेली वस्तू आपण एप्रिल महिन्यात विदर्भात चालवतो. असो.

जर्मनीत हे काम करणारी एक कंपनी होती, वेबास्टो. १९०१ मध्ये एस्लिंगेनला विल्हेल्म बायरने काढली, मग म्युनिकजवळच्या श्टॉकडॉर्फ गावी हलवली. 'वेबास्टो' हे नाव म्हणजे 'विल्हेल्म बायर, श्टॉकडॉर्फ' याचीच जोडाक्षरं. (आपल्याकडे 'बाळू गायकवाड, सासवड'चं 'बागासा' केल्यासारखं.) सुरुवातीला ही मंडळी धातूचं किरकोळ सामान बनवायची. १९३० च्या दशकात त्यांनी गाड्यांसाठी घडीचे कापडी टप बनवायला घेतले. पत्र्यात मोठा चौकोन कापायचा, त्यावर मेणकापडासारखं जाड कापड ताणायचं, आणि ऊन आलं की ते मागे गुंडाळायचं. बस.

कापडी टपाचा अजून एक फायदा होता: पत्रा वाचतो. १९४८ मध्ये लोकांसमोर आलेली सित्रोएन टू-सीव्ही आठवा. तिचं कापड सुरुवातीच्या मॉडेलांत पार मागच्या बंपरपर्यंत गुंडाळलं जायचं. १९५७ ची छोटी फियाट ५००, तिलाही कापडी टप. म्हणजे एकेकाळी 'सनरूफ' हे गरिबाच्या गाडीचं लक्षण होतं! आज टॉप मॉडेलसाठी लाखभर जास्त मोजणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा वेगळा. कापड फाटलं तर काय करायचं? शिंप्याकडे जायचं. सीटकव्हर शिवणारा कोणीही ठिगळ लावून देईल. दुरुस्तीचा खर्च म्हणजे कापड अधिक सुई-दोरा.

*

दुसरा टप्पा पत्र्याचा. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३७ मध्ये सनरूफ देऊ केलं. काच नाही, टपाचाच एक पत्र्याचा तुकडा मागे सरकायचा. युरोपातही हळूहळू तेच झालं. याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन बीटल. १९५० पासून तिला गोल्डे कंपनीचं घडीचं कापडी सनरूफ मिळायचं. १९६४ च्या मॉडेलपासून ते गेलं आणि हँडल फिरवून सरकवायचा पत्र्याचा तुकडा आला. कापडाचं भोक मोठं होतं, पत्र्याचं लहान. कारण उघड आहे. कापड गुंडाळता येतं, पत्रा नाही. पत्र्याला सरकून जायला टप आणि आतल्या अस्तरामध्ये जागा लागते.

इथे पहिल्यांदा 'यंत्रणा' आली. दोन बाजूंना रूळ, त्यात सरकणाऱ्या दात्यांच्या केबल, त्यांना ढकलणारं हँडल (पुढे हँडलच्या जागी मोटर). आणि मुख्य म्हणजे पाण्याची सोय. लोकांना वाटतं सनरूफचं रबर पाणी अडवतं. रबर बरंचसं अडवतं, सगळं नाही. जे आत येतं ते खालच्या पन्हळीत पडतं आणि चार कोपऱ्यांतून पातळ नळ्यांनी खांबांमधून उतरून गाडीबाहेर जातं. गळक्या सनरूफचं दुखणं पुष्कळदा या नळ्यांत असतं. पानं, धूळ, माती अडकते, पन्हळ भरते आणि पाणी अस्तरातून टपटपायला लागतं. कौलारू घराच्या पन्हळीसारखाच प्रकार आहे. पावसाळ्याआधी साफ केली नाही तर घरात बादल्या ठेवा!

तरीही या काळात दुरुस्ती हाताबाहेर गेली नव्हती. पत्र्याला पोचा आला तर डेंटर ठोकून सरळ करायचा, केबल तुटली तर केबल बदलायची, रूळ अडला तर ग्रीस. शिंप्याच्या जागी डेंटर आला एवढंच.

*

आता या गोष्टीतलं माझं आवडतं पात्र. हाइन्झ प्रेख्टर, जन्म १९४२, बव्हेरियातल्या एका खेड्यातला. १९६३ मध्ये विद्यार्थी म्हणून कॅलिफोर्नियाला आला. तिथे सगळीकडे ऊनच ऊन आणि अमेरिकन गाड्यांना सनरूफ जवळजवळ नाहीच. जर्मनीत हे काम बघितलेलं. पठ्ठ्याने १९६५ मध्ये लॉस एंजेलिसला एका गॅरेजात 'अमेरिकन सनरूफ कंपनी' काढली. भांडवल म्हणजे थोडी हत्यारं आणि एक शिलाई मशीन. शिलाई मशीन का, ते वर आलंच आहे.

तो लोकांच्या नव्याकोऱ्या गाड्यांचे टप कापून द्यायचा. विचार करा, कोणीतरी तेविशीतला परदेशी पोरगा तुमच्या नव्या गाडीच्या टपावर करवत चालवतोय! पण काम चोख होतं. दोन-तीन वर्षांत थेट डेट्रॉइटच्या कंपन्या गिऱ्हाईक झाल्या आणि त्याने मिशिगनला बस्तान हलवलं.

त्याचं नशीब असं की नेमकं तेव्हाच उघड्या गाड्यांना, म्हणजे कन्व्हर्टिबलना, उतरती कळा लागली होती. गाडी उलटली तर माणसांचं काय, यावर कडक कायदे येणार या भीतीने कंपन्या त्या बंद करत गेल्या. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो तर 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणूनच गाजवून विकली गेली (पुढे कन्व्हर्टिबल परत आल्या, तो भाग वेगळा). ऊन-वारा हवा पण पूर्ण उघडी गाडी नको, त्यांना सनरूफ हा मधला मार्ग मिळाला.

प्रेख्टर पुढे मोठा उद्योगपती झाला. आयुष्यभर नैराश्याने मात्र त्याचा पिच्छा सोडला नाही आणि २००१ मध्ये त्याने स्वतःला संपवलं. मिशिगन विद्यापीठात बायपोलर आजारावरचं संशोधन आज त्याच्या नावाने चालतं. एस्टिमेट बघता बघता इथवर येऊ असं वाटलं नव्हतं. थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो होतो.

*

तिसरा टप्पा काचेचा. १९७३ मध्ये फोर्डने लिंकन कॉन्टिनेंटल मार्क फोर या गाडीला पत्र्याऐवजी काचेचं पॅनेल दिलं आणि त्याला 'मूनरूफ' असं झकास नाव ठेवलं. बंद असतानाही चांदणं दिसतं म्हणून मूनरूफ. मार्केटिंगवाल्यांना मानलं पाहिजे. आज आपण ज्याला सनरूफ म्हणतो ते बहुतेक सगळं खरं तर मूनरूफ आहे.

आणि इथेच माझ्या ८३ हजारांची मुळं आहेत. कारण ही काच साधी नसते.

सतराव्या शतकात, १६६० च्या सुमारास, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे राजपुत्र रूपर्टने काचेचे विचित्र थेंब आणले. वितळलेली काच थंड पाण्यात टाकली की शेपटीवाला थेंब तयार होतो. डोक्यावर हातोडी घातली तरी फुटत नाही, पण शेपटीचं टोक मोडलं की अख्ख्याचा भुगा. रॉयल सोसायटीने यावर बराच खल केला. कारण असं: बाहेरची काच आधी घट्ट होते, आतली मागाहून आकसते आणि बाहेरच्या थराला आत ओढून धरते. म्हणजे बाहेर दाब, आत ताण. बाहेरच्या दाबामुळे ओरखडा पसरत नाही, पण तडा एकदा का आतल्या ताणापर्यंत पोचला की मग थांबत नाही. १९९४ मध्ये पर्ड्यूचे चंद्रशेखर आणि केंब्रिजचे चौधरी यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे टिपलं. तडा सेकंदाला दीड किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने पळतो. माझा 'फट्ट' हा तोच.

गाडीची टफन्ड काच म्हणजे रूपर्टचा थेंब सपाट करून बसवलेला. काच सव्वासहाशे-साडेसहाशे अंशांपर्यंत तापवायची आणि दोन्हीकडून थंड हवेचे झोत मारायचे. साध्या काचेपेक्षा चौपट-पाचपट मजबूत होते आणि फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता खडीसाखर होते. हा शोध १८७४ मध्ये फ्रान्सच्या द ला बास्ती याने पेटंट केला. तो काच गरम तेलात बुडवायचा. 'न फुटणारे' म्हणून विकलेले त्याचे काही ग्लास टेबलावर नुसते ठेवलेले असताना फुटल्याच्या तक्रारी तेव्हाच आल्या होत्या. म्हणजे माझी तक्रार दीडशे वर्षं जुनी आहे :)

एक कारण बऱ्याच नंतर कळलं. मेलबर्नच्या आयसीआय हाऊस या नव्या उंच इमारतीच्या काचा आपोआप फुटून रस्त्यावर पडायला लागल्या. तिथल्या बॅलंटाइन नावाच्या संशोधकाने १९६१ मध्ये दोषी शोधला: काचेत राहिलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण. काच झपकन थंड केल्यावर हा कण तापलेल्या अवस्थेतच गोठतो आणि मग महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं हळूहळू मूळ रूपात येताना फुगतो. दोन-चार टक्केच फुगतो, पण तो नेमका आतल्या ताणाच्या भागात असेल तर तेवढं पुरतं.

सनरूफच्या बाबतीत आणखी एक संशयित आहे, काचेच्या कडेची काळी पट्टी. ती रंगाची नसून काचेवर भाजलेलं सिरॅमिक असतं. आतला गोंद आणि यंत्रणा झाकते, गोंदाचं उन्हापासून रक्षण करते. पण तिथे काच कमजोर होते. पॅनोरामिक सनरूफ आली तशी ही पट्टी रुंद होत गेली. दक्षिण कोरियाने चाचण्या करून हा प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांच्या समितीपुढे नेला. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०१७ मध्ये सरकारी नोंदी चाळल्या, तर १९९५ पासून सनरूफ आपोआप फुटल्याच्या किमान ८५९ तक्रारी निघाल्या, त्यातल्या बहुतेक २०११ नंतरच्या.

माझी काच नेमकी कशाने गेली? सांगता येणार नाही. कण असेल, आधी कधीतरी बसलेल्या खड्याचा ओरखडा असेल, उन्हाने तापून निमित्त झालं असेल. पुरावा एक्सप्रेसवेवर सांडून आलोय.

(यावर उपाय नाही का? आहे. विंडशील्डसारखी लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा. फ्रान्सच्या बेनेडिक्टसच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला, तडकला पण विखुरला नाही, कारण आत सुकलेल्या रसायनाचा पापुद्रा होता. त्यावरून हे सुचलं. आता काही गाड्यांच्या टपाला ही काच येते. फुटली तरी जागेवर राहते. पण महाग. नवी गाडी घेताना कोणी हे विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं. सनरूफ आवाजावर उघडतं का, हे मात्र विचारलं होतं.)

*

गाडी बंद पडली ते तळेगाव काचेच्या इतिहासात आहे बरं का. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून उभा केलेला पैसा फंड, लोकमान्य टिळकांचा पाठिंबा, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला निघालेला काच कारखाना. पहिले व्यवस्थापक होते परदेशात काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय. मग १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगलेवाडी, तिथला 'प्रभाकर' कंदील. आमच्या आजीकडे होता. तापलेल्या चिमणीवर पाण्याचा थेंब उडाला की टच्चकन तडकायची. पण नवी चिमणी बाजारात सुटी मिळायची! चिमणी फुटली म्हणून कोणी 'कंदील असेंब्ली' विकली नाही.

आज त्याच पट्ट्यात, चाकण-भोसरीला गाड्यांच्या काचा बनतात, आणि वेबास्टोचा कारखानाही पुण्याजवळ आहे. मागणीही तशीच आहे. माझ्या लहानपणी सनरूफ म्हणजे मर्सिडीज, नाहीतर माझ्या आतेभावाने त्याच्या झेनचा टप कापून बसवून घेतलेलं (पहिल्याच पावसात एम-सील लागलं). मग २०१० च्या दशकात होंडा सिटी, महिंद्रा एक्सयूव्ही ५०० वगैरेंनी ते मध्यमवर्गात आणलं. २०१९ च्या एमजी हेक्टरने पॅनोरामिकची हौस लावली, २०२२ मध्ये ब्रेझाच्या रूपाने मारुतीही आली, आणि २०२३ मध्ये एक्स्टर, अल्ट्रोझसारख्या लहान गाड्यांतही ते मिळायला लागलं.

*

तर आता परत माझ्या एस्टिमेटकडे. खर्च नक्की कशाने वाढतो?

एक, काच. टफन्ड काच बनल्यावर कापता किंवा भोक पाडता येत नाही, लगेच भुगा. त्यामुळे कोपऱ्यावरच्या काचवाल्याला माप देऊन होणारं हे काम नाही. प्रत्येक मॉडेलचा बाक वेगळा, साचा वेगळा. गाडी भरपूर खपणारी असेल तर काच स्वस्त आणि स्टॉकात, नाहीतर महाग आणि तीन आठवडे थांबा. लॅमिनेटेड असेल तर आणखी महाग.

दोन, काचेच्या कडेचं काम. ती नुसती काच नसते. भोवती पॉलियुरेथेनची कड ओतलेली, खाली धातूची फ्रेम चिकटवलेली. म्हणून तुम्ही 'काच' मागता तेव्हा 'पॅनेल' मिळतं.

तीन, आणि सगळ्यात मोठं: फक्त पॅनेल बदलायचं की खालची यंत्रणाही. सरकणारं पॅनेल बहुधा चार-सहा स्क्रूंवर असतं, ते वरूनच निघतं. बसवताना उंची नीट जुळवायची, नाहीतर वारा शिट्टी मारतो. मग मोटर एकदा पूर्ण फिरवून तिला नवी हद्द शिकवायची, म्हणजे बोट मध्ये आलं तर थांबायचं वगैरे. तास-दोन तासांचं काम. पण रूळ, मोटर, पन्हळ असं सगळं बदलायचं तर आतलं अख्खं अस्तर उतरवावं लागतं, आणि कडेला पडद्याच्या एअरबॅगा असतात त्यांना जपून. मजुरी तिथे चढते. पॅनोरामिकची मागची, न सरकणारी काच गोंदाने चिकटवलेली असते. ती कापून काढायची आणि नवा गोंद सुकेपर्यंत गाडी ठेवायची.

चार, विमा. नेहमीच्या पॉलिसीत काचेवर घसारा शून्य. पण प्लॅस्टिक-रबरावर ५० टक्के आणि धातूच्या भागांवर वयाप्रमाणे, माझ्या तीन-चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. म्हणजे झिरो-डेप नसेल तर असेंब्लीचा मोठा भाग आपल्याच खिशातून. 'इन्शुरन्सच देणार' हे अर्धसत्य. शिवाय क्लेम केला की नो-क्लेम बोनस जातो. मी एक्सेल उघडली. क्लेम नाही केला तर पुढची वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के सूट. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. फरकाची बेरीज १२० टक्के. माझा ओन डॅमेज प्रीमियम सवलतीआधी ९ हजार, म्हणजे पाच वर्षांत साधारण १०,८०० चं नुकसान. (गाडीची किंमत उतरते तसा प्रीमियमही उतरतो, म्हणजे प्रत्यक्षात कमीच.) अधिक १,००० रुपये सक्तीची वजावट. दुरुस्ती बारा हजारांच्या आत असेल तर क्लेम करू नये, वर असेल तर करावा. साधं गणित, पण काउंटरवर कोणी मांडून दाखवत नाही.

*

मंगळवारी परत गेलो. म्हटलं, पार्ट कॅटलॉग स्क्रीनवर दाखवा. ॲडव्हायजर आधी नाही म्हणाला, मग उघडला. फुटलेल्या चित्रात (एक्स्प्लोडेड व्ह्यू हो, बरोब्बर नाव आहे) काचेच्या पॅनेलला वेगळा नंबर होता! खाली रूळ वेगळे, मोटर वेगळी.

तो म्हणाला, "पण सर, रुळात काच गेली असेल तर नंतर अडकेल. मग तुम्हीच याल भांडायला."

मुद्दा खोटा नव्हता. म्हणून आतल्या मिस्त्रींना बोलावलं. पन्नाशीचे असतील. त्यांनी टॉर्च मारून रूळ बघितले, व्हॅक्यूमने तुकडे ओढले, मोटर दोनदा मागेपुढे चालवली, नळ्यांत बाटलीने पाणी सोडून ते चाकाजवळ खाली येतंय का बघितलं. मग म्हणाले, "काही झालेलं नाही साहेब. काच घाला. दोन महिन्यांनी एकदा दाखवून जा."

शेवटचं बिल: पॅनेल १८,९००, मजुरी २,२००, रूळ साफसफाई आणि ग्रीस ९००. कर धरून २५,९६०. क्लेम केला, कारण एक्सेल तसं म्हणाली.

५७ हजारांचा फरक. यात ॲडव्हायजर व्हिलन आहे असं मला वाटत नाही. असेंब्ली बदलली की त्याची जबाबदारी संपते. काचेचा कण राहिला वगैरे कटकट नाही. आपणही ऑफिसात हेच करतो, "रिस्टार्ट करा", "रीइन्स्टॉल करा". तपासायला माणूस लागतो, वेळ लागतो आणि 'हे चालेल' असं म्हणायची जबाबदारी घ्यावी लागते. कापड होतं तेव्हा ती शिंप्याने घेतली, पत्रा होता तेव्हा डेंटरने. काच आली आणि वस्तू अधिक चांगली झाली, पण ती जबाबदारी कोणाची ते ठरलंच नाही. ती एका पार्ट नंबरच्या मागे लपली. त्या दिवशी मिस्त्रींनी घेतली. बिलात त्या टॉर्च मारून बघण्याची ओळ नाहीये, आणि माझे ५७ हजार वाचले ते त्याच्यामुळे.

तेव्हा तुमच्यावर ही वेळ आलीच तर तीन गोष्टी करा. कॅटलॉग बघायला मागा, रूळ-मोटर तुमच्यासमोर तपासून घ्या, क्लेमचं गणित स्वतः मांडा. आणि चौथी, गाडी चालू असताना पोरांना सनरूफमधून बाहेर उभं करू नका. काचेचं सोडा, ब्रेक मारला तर काय होईल एवढाच विचार करा.

गाडी घरी आणली. बाबांना म्हटलं, "बघा, नवीन काच."
त्यांनी वर बघितलं, शेड सरकवून बंद केली आणि म्हणाले, "हे झाकण कितीला येतं रे? ते चांगलं आहे."

असो. पुढच्या वीकांताला भेटू.